ऊन लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: चेहरा लवकर म्हातारा करणाऱ्या चुका

नागपुरात 16 वर्षं पार्लर चालवतेय. मार्च लागला की त्याच चुका पुन्हा बघायच्या, आणि जीव खरंच तुटतो. सगळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो: चटका बसत नाही, म्हणजे ऊन त्वचेचं काही बिघडवत नाही.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील म्हणजे यूव्ही किरण असतात. त्वचा लाल करणारे, भाजणारे किरण मुख्यतः यूव्हीबी. सुरकुत्या पाडणारे मुख्यतः यूव्हीए. हे जास्त खोल जातात, त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन मोडतात, आणि अंगाला कळतही नाही.

"मी तर एसी गाडीत असतो"

माझा दादा 20 वर्षं नागपूर-अमरावती रस्त्यावर टॅक्सी चालवतोय. काचा बंद, एसी सुरू. सनस्क्रीन क्रीम लाव म्हटलं की म्हणायचा, "अगं, मला ऊन लागतंच कुठे?" गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीआधी त्याचं फेशियल करायला घेतलं. दिवा जवळ ओढला आणि माझा हात थांबला. उजव्या डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत बारीक रेघांचं जाळं, गालफडावर तपकिरी डाग. डावा गाल त्या मानाने नितळ. जणू दोन वेगळ्या वयांच्या माणसांचे गाल.

साधी काच बहुतेक यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बराच आत येतो. आपल्याकडे चालकाच्या उजव्या हाताला खिडकी, म्हणून दादाची उजवी बाजू. अमेरिकेत उलटं. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका 69 वर्षांच्या माणसाचा फोटो 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी सुरकुतलेली आहे. ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्यांनीही तो फोटो एकदा बघावा.

वाटाण्याएवढं क्रीम

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. महागाची ट्यूब घ्यायची आणि कुंकवासारखे चार ठिपके लावायचे! तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढा. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपते. तुमची गुढीपाडव्याला घेतलेली ट्यूब पोळ्यापर्यंत पुरत असेल, तर तुम्ही ती लावतच नाही आहात.

उगाच मोठ्या आकड्यामागे धावू नका. एसपीएफ म्हणजे क्रीम ऊन किती अडवतं, त्याचा ट्यूबवरचा आकडा. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98 टक्के. तो आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. यूव्हीएसाठी ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा 'पीए' पुढच्या अधिकच्या (+) खुणा बघा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. मी अंघोळीनंतर, चहाच्या आधी लावते; कान, मान आणि हाताचे पंजे धरून. वय आधी हातांवर दिसतं, आणि तेच सगळे विसरतात.

पातळ स्कार्फ

स्कूटीवर तोंड बांधता, छान करता. पण तो स्कार्फ एकदा ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड आरपार दिसला, तर किरणही आरपार जातात. ओला दुपट्टा उन्हाच्या झळांना उत्तम, तो सोडू नका; फक्त सुती कापड ओलं झालं की यूव्ही जास्त आत सोडतं, म्हणून खाली क्रीम हवंच. मी घट्ट विणीचा, गडद रंगाचा वापरते.

बाकीचं थोडक्यात:

लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका. फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

आठ दिवसांत गोरं करणारं क्रीम मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं. त्वचा पातळ होते. लग्न पंधरा दिवसांवर आलं की मुली हेच मागतात, मी सरळ नाही म्हणते. दहा वर्षांचं ऊन आठ दिवसांत उतरत नाही.

ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे क्रीम खराब होतं.

दादा आता पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. त्याची ट्यूब जेवणाच्या डब्याच्या पिशवीत असते, आणि महिना संपायच्या आत नवी आणून द्यावी लागते.