यानाला हवा किती अडवते, ते वहीवर कसं काढायचं

उड्डाण, कक्षा आणि परतीचा प्रवास, तिन्हीकडे सूत्र एकच: अडथळा = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × रोधांक × समोरचं क्षेत्रफळ. रोधांक म्हणजे यानाचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा अंक, त्याला एकक नाही. घनता किलो प्रति घनमीटर, वेग मीटर प्रति सेकंद, क्षेत्रफळ चौरस मीटर. उत्तर न्यूटनमध्ये येतं. वेग किलोमीटरमध्ये ठेवून वर्ग केला तर उत्तर दहा लाख पटींनी चुकतं, तेव्हा एकके आधी तपासा. सूत्र तेच असलं तरी प्रत्येक टप्प्यात त्यातला वेगळाच आकडा दगा देतो. तो ओळखला की निम्मं काम झालं.

उड्डाण

जमिनीलगत हवा दाट (१.२२५), पण वेग नाही. वर वेग आहे, पण हवा उरलेली नाही. मध्ये कुठेतरी दोघांचा मेळ शिगेला पोचतो, तोच ‘मॅक्स-क्यू’. दर ५ सेकंदांची उंची आणि वेग लिहा, प्रमाण वातावरणाच्या (उंचीनुसार सरासरी हवा देणाऱ्या) तक्त्यातून घनता घ्या आणि ½ × घनता × वेगवर्ग काढत जा.

समजा ११ किमीवर घनता ०.३६५ आणि वेग ४५० मी/से आहे. दाब येतो सुमारे ३७,००० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरवर पावणेचार टनांचा भार. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटचं टोपण (उपग्रहावरचं टोकाचं आवरण) ५ मीटर व्यासाचं, क्षेत्रफळ १९.६ चौ.मी. रोधांक ०.५ धरला तर अडथळा साधारण ३७ टन. रॉकेटचं उड्डाणावेळचं वजन ६४० टन आहे हे पाहता इंधनाच्या दृष्टीने हा आकडा भीतीदायक नाही. भीती वाकण्याची आहे. वरच्या जोरदार वाऱ्याने नाक प्रवाहापासून दोन-चार अंश कललं की तोच दाब बाजूने बसतो. म्हणून दाब × कलाचा कोन हा गुणाकार मर्यादेत आहे का, ते पाहा. उड्डाणाआधी फुगे सोडून वारे मोजतात ते यासाठीच.

फटी आणि उचललेल्या कडाही तपासा. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचं बाहेरचं कवच उड्डाणानंतर ६३ सेकंदांनी हवेने उपटून काढलं, आणि त्यापायी एक सौरपंखही गेला.

टोपण कधी टाकायचं हे उंचीवर नव्हे, तापण्यावर ठरतं. ½ × घनता × वेगाचा घन ही किंमत १,१३५ वॅट प्रति चौ.मी. खाली आली की टाकता येतं. चांद्रयान-३ च्या वेळी ते सुमारे ११५ किमीवर टाकलं गेलं.

कक्षा

इथे दगा देते ती घनता. ४०० किमीवर एका घनमीटरात साधारण ३ नॅनोग्रॅम हवा धरा, पण सूर्य शांत आणि सूर्य खवळलेला यांत दहापट फरक पडू शकतो. रोधांक २.२ घ्या. रेणू इतके विरळ असतात की हवेचा प्रवाह असा बनतच नाही, ते एकेकटे येऊन आदळतात.

एका फेरीत कक्षा किती खाली येते, त्याचं सूत्र: २π × (रोधांक × क्षेत्रफळ ÷ वस्तुमान) × घनता × कक्षेच्या त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या पृथ्वीच्या केंद्रापासून, म्हणजे इथे ६७,७८,००० मीटर.

तीन युनिटांचा ४ किलोचा क्यूबसॅट घ्या, म्हणजे १० सेंमीचे तीन ठोकळे एकापुढे एक जोडल्यासारखा छोटा उपग्रह, १० × १० सेंमीचं तोंड पुढे. उत्तर येतं फेरीला ४.८ मीटर, दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे ७४ मीटर. तोच उपग्रह आडवा फिरला की क्षेत्रफळ तिप्पट, आणि घसरणही तिप्पट: दिवसाला २२० मीटर. एवढ्याशा डब्याची दिशा त्याचं आयुष्य ठरवते! सरासरी क्षेत्रफळ घेऊन एकच उत्तर देऊ नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही द्या.

अडथळ्याने उपग्रह मंदावतो असं धरून पुढचा हिशोब करू नका. तो खाली घसरतो आणि खालच्या कक्षेत वेग जास्त असतो: ४०० किमीवर ७.६७ किमी/से, ३०० वर ७.७३.

घनतेसाठी १०.७ सेंमी सौर रेडिओ निर्देशांक (सूर्य किती खवळला आहे त्याचं माप) आणि भूचुंबकीय वादळाचा अंदाज, दोन्ही पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किमीवर सोडलेल्या इंटरनेट पुरवणाऱ्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गेले. वादळाने वरची हवा फुगली आणि अडथळा ५० टक्क्यांपर्यंत वाढला.

परत येताना

उष्णता ‘घर्षणाने’ होते, हे डोक्यातून काढा. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं बूड हाताला चटका देतं, ते हवा दाबली गेल्यामुळे. यानापुढे तेच होतं, प्रचंड प्रमाणात. नाकावरचा उष्णताप्रवाह: ०.०००१७४ × वेगाचा घन × √(घनता ÷ नाकाची त्रिज्या). ७० किमीवर घनता ०.००००८३, वेग ७,००० मी/से आणि त्रिज्या १ मीटर धरली तर सुमारे ५.४ लाख वॅट प्रति चौ.मी. त्रिज्या १० सेंमी केली की १७ लाख. टोकदार नाक जळतं आणि बोथट तगतं, ते यामुळे.

सरळ, उचल (हवेचा वर ढकलणारा जोर) न घेता येणाऱ्या यानाचं कमाल मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर = वेगवर्ग × कोनाची ज्या ÷ (२ × २.७१८ × ७,०००). कोन म्हणजे वातावरणात शिरताना यानाची वाट क्षितिजाशी करते तो, ज्या म्हणजे साइन, आणि ७,००० म्हणजे हवेची घनता २.७१८ पटींनी घटते तेवढी उंची, मीटरमध्ये. ७,८०० मी/से आणि ५ अंश यांना १४ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या १४ पट. यात वस्तुमान आणि आकार कुठेच नाहीत. ते फक्त किती उंचीवर हा झटका बसेल ते ठरवतात. कोन ३ अंशांखाली गेला की हे सूत्र सोडा, पृथ्वीचा बाक धरून टप्प्याटप्प्याने गणित करा. अंतराळवीरांना आणणारं रशियन सोयूझ यान थोडी उचल घेऊन साधारण ४ जी वर उतरतं. एप्रिल २००८ मध्ये एक सोयूझ उचल न मिळता आलं, तेव्हा ८ जी पार झाले आणि ते चारशे किमीहून अधिक अलीकडे पडलं.

निर्नियंत्रित वस्तू कधी पडेल हे सांगताना उरलेल्या वेळेच्या २० टक्के चूक धरा. एक दिवस उरला असेल तर मागे-पुढे ५ तास, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन फेऱ्या, आणि तेवढ्यात अर्धं जग खालून जातं. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेले तुकडे चिनी रॉकेटच्या टप्प्याचे असावेत, असा अंदाज पुढे आला. त्यातलं ३ मीटर व्यासाचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला सापडलं. अशा अंदाजात वेळेची खिडकी आणि त्या खिडकीतल्या सगळ्या फेऱ्यांच्या रेषा नकाशावर द्या. एका गावाचं नाव देऊ नका.