पाणथळीतल्या उंदरांचे जंत: जे तरंगत नाही तेही शोधा

लेंड्या तपासायला बसलेला नवखा बहुधा एकाच पद्धतीवर विसंबतो: मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवायची आणि वर आलेली मोजायची. पाणथळीत इथेच फसगत होते. तिथे गोगलगायी भरपूर, आणि त्यांच्यामार्फत पसरणारे पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे जंतही. त्यांची अंडी जड असल्यामुळे तळाशी बसतात, आणि वहीत 'पर्णकृमी नाहीत' अशी चुकीची नोंद होते.

आधी सापळ्यांचं. पाणी जिथवर चढतं त्याच्या हातभर वर, फळीवर किंवा बांधावर लावा. आत कोरडा कापूस हवाच. उजाडताच फेरी मारा. ऊन चढलं की पत्र्याच्या सापळ्यात उंदीर मरतो. लेंड्या सापळ्यातल्याच घ्या. ओल्या जमिनीवरच्या लेंड्यांत मातीतले सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक जंत) शिरतात आणि स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या सूत्रकृमीच्या अळ्या म्हणून मोजले जातात. दर उंदरामागे सापळा धुवा, नाहीतर कालच्याचे जंत आजच्याच्या नावावर चढतात. हातमोज्यांचा कंटाळा करू नका: उंदराच्या मूत्रातला लेप्टोस्पायरा हा रोगकारक जिवाणू ओल्या मातीत बराच टिकतो.

नमुन्याचे भाग पाडा. अंड्यांसाठी १० टक्के फॉर्मलीन, डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल. आयमेरिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीची जात ओळखायची असेल तर थोड्या ताज्या लेंड्या २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, पातळ थरात, हवा लागेल अशा ठेवा. फॉर्मलीनमधल्या त्याच्या ऊसिस्ट (लेंडीतून बाहेर पडणाऱ्या कवचबंद अवस्था) पक्व होत नाहीत.

तरंगवण्यासाठी लिटरभर पाण्यात ४०० ग्रॅम मीठ. तळाशी थोडं उरलं तर उत्तम, द्रावण संपृक्त झालं. घनता १.२० च्या आसपास हवी. वर ठेवलेली काच दहा-पंधरा मिनिटांत उचला. त्याहून फार उशीर केला तर अंडी आक्रसतात, मिठाचे खडे धरतात.

आता गाळ. १ ग्रॅम लेंडी ०.८५ टक्के सलाइनमध्ये कालवून गाळा, निमुळत्या भांड्यात निवळू द्या, वरचं हळूच ओता. निवळ स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा. साधं पाणी वापरलं तर शिस्टोसोमा या रक्तातल्या पर्णकृमीची अंडी फुटतात. शेवटी मिथिलीन ब्लूचा एक थेंब: कचरा निळा होतो, पर्णकृमींची पिवळसर अंडी उठून दिसतात. काम कंटाळवाणं आहे, पण पाणथळीत खरी मिळकत याचीच.

हायमेनोलेपिस डिमिन्युटा या पट्टकृमीचं अंडं ६० ते ८० मायक्रॉन, तपकिरी. आतल्या गोळ्याच्या टोकांना तंतू नसतात. त्याच्याच जवळच्या हायमेनोलेपिस नानाचं लहान, ३० ते ५० मायक्रॉन, आणि तंतू स्पष्ट. ते दिसेपर्यंत भिंगाचा फोकस वरखाली करत राहा.

सिफॅशिया या बारीक सूत्रकृमीची मादी अंडी गुदद्वाराभोवती घालते. लेंडीत ती कमीच सापडतात. म्हणून उंदराच्या गुदद्वाराशी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावा.

दोन्ही टोकांना बूच असलेलं अंडं दिसलं की लगेच ट्रायक्युरिस (आतड्यातला चाबकासारखा जंत) लिहू नका. बुचं बसकी आणि कवचावर खाचा असतील तर ते कॅपिलॅरिया हेपॅटिका या सूत्रकृमीचं असू शकतं. त्याचा मुक्काम यकृतात असतो, आणि लेंडीत अंडी येतात ती दुसऱ्या प्राण्याचं यकृत खाल्ल्यामुळे. ती आतड्यातल्या जंतांच्या रकान्यात धरायची नाहीत.