चित्रपट-संकलनाची संस्था निवडताना या चुका टाळा

माहितीपत्रकावर ‘सरकारमान्य’ असे छापलेले पाहून प्रवेश घेणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. मान्यता कोणी दिली आणि नेमकी कशाला दिली, हे विचारल्यावर पुष्कळदा उद्यम नोंदणीची (लघुउद्योग म्हणून केलेल्या नोंदणीची) प्रत, आयएसओ प्रमाणपत्र किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राचा दाखला पुढे केला जातो. यांपैकी एकही शैक्षणिक मान्यता नव्हे. पदवी देण्याचा अधिकार 1956 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यानुसार विद्यापीठांना व तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची पदवी अंधेरीतल्या दोन खोल्यांत मिळणार असेल, तर अधिक सावध राहावे, कारण अशा विद्यापीठांना इतर संस्था संलग्न करून घेता येत नाहीत आणि फ्रँचायझी पद्धत यूजीसीला मान्य नाही.

याउलट, पदवी नाही म्हणून संस्थेवर फुली मारणेही चुकीचेच. पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) ही सरकारी संस्था 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा 2025 मध्ये मिळाला. त्याआधी कित्येक दशके तिथे पदविकाच मिळत असे, आणि रेणू सलुजा यांच्यासारख्या संकलक तिथूनच घडल्या. निर्माता पदवी विचारत नाही, काम पाहतो. परदेशी उच्चशिक्षण किंवा अध्यापन डोळ्यांसमोर असेल, तर मात्र पदवीची किंवा तिच्या समकक्षतेची खातरजमा आधीच करावी.

सॉफ्टवेअर शिकवणे म्हणजे संकलन शिकवणे, असे समजू नये. बटणे कुठे आहेत हे घरबसल्याही शिकता येते (आणि ती दर आवृत्तीत जागा बदलतात). संस्थेत पाहायचे ते वेगळेच. विद्यार्थी स्वतः चित्रित केलेल्या प्रसंगाचे रशेस, म्हणजे न कापलेले मूळ चित्रण, हाताळतात का? क्लॅपवरून (चित्रणाच्या सुरुवातीला वाजवलेल्या पाटीवरून) चित्राशी ध्वनी जुळवतात का? कच्च्या संकलनावर शिक्षक शेजारी बसून ‘कट इथेच का, चार फ्रेम आधी का नाही?’ असे विचारतात का? प्रत्येकाला यंत्रावर आठवड्याला किती तास मिळतात, हे कार्यालयाला न विचारता चालू तुकडीतल्या विद्यार्थ्यांना विचारावे. माजी विद्यार्थ्यांची नावे सांगितली गेली, तर श्रेयनामावलीत ते संकलक आहेत की सहायक, हेही तपासावे.

शुल्कपरतीबाबतचे यूजीसीचे नियम खासगी क्लासला लागू होत नाहीत. म्हणून पहिला हप्ता भरण्यापूर्वीच परतीच्या अटी लेखी घ्याव्यात आणि पावतीवर संस्थेचे नोंदणीकृत नाव आहे ना, हे पाहावे.