नेटलिंकवर ‘एनोबफ्स’ आला तर डीमन बंद करू नका
पावसाळ्यात देवगड-मालवणकडे वीज सारखी येते-जाते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बॅटरीवर तगतो, राउटर मात्र पडतो-उठतो. लिंकची (नेटवर्क जोडणीची) ही प्रत्येक उघडझाप लिनक्सचा कर्नल नेटलिंकवर, म्हणजे कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातल्या निरोपांच्या वाटेवर, कळवत सुटतो; ते निरोप ऐकणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) तेव्हा मेमरी कार्डावर लॉग लिहीत अडकला असेल तर त्याच्या सॉकेटचा बफर (न वाचलेले निरोप साठवायची जागा) भरतो आणि ‘एनोबफ्स’ (ENOBUFS, बफरमध्ये जागा नसल्याची एरर) येतो. बरेच डीमन इथेच मान टाकतात. गरज नाही! सॉकेट शाबूत असतो, मधले काही निरोप तेवढे गळालेले असतात. वाचणं चालू ठेवा आणि ‘आरटीएम_गेटलिंक’ (RTM_GETLINK) या लिंकची माहिती मागणाऱ्या निरोपाला डंपचा, म्हणजे ‘सगळी यादी द्या’ असा, फ्लॅग लावून सगळी स्थिती नव्याने मागवा. डीमन सुरू होतानाही आधी लिंकचे बदल कळवणाऱ्या नेटलिंक ग्रुपला जोडून घ्या, मग डंप मागा. उलट केलंत तर मधल्या फटीतला बदल कळतच नाही. ‘एसओ_आरसीव्हीबफ’ (SO_RCVBUF) या सॉकेटच्या सेटिंगने बफर वाढतो, पण लॉगचं काम वेगळ्या थ्रेडला देणं जास्त कामाचं.