सोयाबीनची गाडी ठरवताना

भाडं क्विंटलवर ठरलं की जादा पोती चढतात. खेपेवर ठरलं की ड्रायव्हर झोप मोडून दुसरी खेप गाठतो. म्हणून भाड्याआधी वजन आणि वेळ बोलून घ्या.

आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढाच माल. सहाचाकी ट्रकची मालासकट एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली, पण बुकात जुना आकडा असेल तर तोच धरा. रिकामी गाडी काट्यावर न्याच, नंतर ठोकलेल्या फळ्या बुकात नसतात. कापसात वजनाआधी उंची भरते. सोयाबीन दिसतं थोडं, पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मात्र बसवतं, ब्रेकही उशिरा लागतो. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि पाच तासांनी अर्धा तास विश्रांती घालून दिली. बाजार समितीच्या रांगेतले तासही जागरणाचेच. थांबण्याचे पैसे आधीच ठरवा.