पंप-ट्रॅक्टरच्या कार्बनची तुलना करताय? या चुका टाळा

इंदुरात माझ्याकडे तपासायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत एक विषय हमखास असतो: माळव्यातल्या शेतीत वीज आणि डिझेल जाळून किती कार्बन हवेत जातो, आणि शेजारच्या राज्यात किती. विषय मोलाचा आहे. म्हणूनच दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यांत घातक चूक पंपाच्या विजेची. मध्य प्रदेशात बहुतेक कृषिपंपांना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर ठरतं. कागदावरचे युनिट कुणी मोजलेले नसतात. अश्वशक्तीला अंदाजे तासांनी गुणून ते काढतात. एका मुलानं इंदूर आणि जळगाव जिल्ह्यांची तुलना आणली. इथे शेतीच्या फीडरला (पंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला) दहा तास वीज मिळते, म्हणून यानं पंपही रोज दहा तास, 365 दिवस चालवला. 5 अश्वशक्ती म्हणजे 3.73 किलोवॉट, वर्षाचे 13,600 युनिट. युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका पंपाचे साडेनऊ टन! जळगावचे तास मात्र भलत्याच अहवालातून उचललेले.

मी त्याला गाडीत घातलं आणि सांवेरकडे नेलं. श्रावण होता, सोयाबीन गुडघाभर. म्हटलं, "चालू पंप दाखव मला." एकही नव्हता. सोयाबीन पावसावरच येतं. मोटर चालते ती पलेव्यापासून (पेरणीआधीच्या पाण्यापासून) गव्हाच्या शेवटच्या पाळीपर्यंत, आणि उन्हाळ्यात विहिरीच तळ गाठतात. तिकडे जळगावात केळी, तिला जवळजवळ बारमाही पाणी. तरी याच्या तक्त्यात इंदूर वरचढ! त्यात एका विहिरीवर मोटरची पाटी 5 ची, पण वाइंडिंग बदलून आणलेली. क्लॅम्प मीटर साडेसातच्या मोटरइतका करंट दाखवत होता.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: आधी दहा विहिरी, मग एक्सेल. वहीत पीक, पाळ्या, पाळीचे तास आणि पाण्याची खोली. खोली विसरू नका. हजार घनमीटर पाणी एक मीटर उचलायला अगदी आदर्श पंपालाही 2.7 युनिट लागतात, खरा पंप त्याच्या दुप्पट-तिप्पट खातो. हे फिरणं दोन दिवसांचं काम आहे. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी हा विषय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

देशाच्या उत्सर्जन-अहवालातला 'कृषी' हा आकडा उचलू नका. त्यात गुरांचा आणि भाताचा मिथेन, खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड असतो. पंपाची वीज वीजनिर्मितीत, ट्रॅक्टरचं डिझेल ऊर्जेत, युरियाचा कारखाना उद्योगात मोजतात.

डिझेलची राज्यवार विक्री म्हणजे शेतीचा वापर नव्हे. 2013 च्या देशव्यापी पाहणीत शेतीचा वाटा सुमारे 13 टक्केच निघाला होता. शिवाय माळव्याचा गहू कापायला पंजाबचे हार्वेस्टर येतात. त्यांनी टाकी कुठे भरली, कोण सांगणार?

बिघा लिहू नका. तो प्रांताप्रांतात बदलतो, हेक्टरच लिहा.

ग्रिडचा गुणक, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे किती कार्बन धरायचा तो आकडा, दोन्हीकडे एकच ठेवा; 31 डिसेंबर 2013 पासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे.

आणि नर्मदेचं पाणी. ते पंपांनी पठारावर चढवतात, पण ती वीज योजनेच्या खात्यावर पडते, शेतकऱ्याच्या नाही. कालव्याखालचं शेत म्हणून तिथे शून्य लिहिलेलं दिसलं, की मी अहवाल तिथूनच परत करतो.