पोरकी मांजरं सांभाळताना आणि दुसऱ्या घरी देताना या चुका टाळा

मांजराचं पिल्लू खानापूरच्या पावसात भिजलेलं सापडतं, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सापडतं, अथणी-रायबागकडे ऊस तोडताना फडात उघडं पडतं. पहिली चूक तिथेच होते. ते लगेच उचललं जातं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे. आई एकेक पिल्लू मानेला धरून नव्या जागी नेते आणि दोन फेऱ्यांच्या मधे उरलेली पिल्लं बेवारशी वाटतात. पिल्लं कोरडी, पोटभर आणि निवांत असतील तर लांब थांबून चार-पाच तास वाट पाहा. माणसं घुटमळत राहिली की आई येत नाही. जागेभोवती बारीक कोरडी माती पसरून ठेवा, म्हणजे ती येऊन गेली तर पावलं उमटतील. पिल्लू गार पडलेलं, ओलं, मुंग्या लागलेलं किंवा सतत ओरडणारं असेल, तर मात्र वाट पाहू नका.

उसातलं पिल्लू घरी नेण्याआधी नीट निरखा. अंगावर ठिपके असतील तर ते वाघाटीचं, म्हणजे जंगलातल्या लहान ठिपकेदार मांजराचं, असू शकतं. पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळं, कानाच्या टोकांवर काळे केस, अशी लक्षणं रानमांजराची. दोन्ही वन्यजीव आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती घरी पाळता येत नाहीत. तेवढी सरी तोडायची थांबवा, वनखात्याला कळवा आणि पिल्लं जागेवरच राहू द्या. अंधार पडल्यावर आई बहुधा येऊन घेऊन जाते.

गार पिल्लाला दूध पाजणं

लहान पिल्लं सगळ्यात जास्त दगावतात ती यामुळे. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही. शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की आतडी काम करेनाशी होतात. त्या अवस्थेत पाजलेलं दूध पोटात तसंच राहून नासतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. पिल्लाच्या तोंडात करंगळी घालून पाहा. आत गार लागलं तर दुधाला हात लावू नका, आधी ऊब द्या.

ऊब हळूहळू द्यायची असते. चुलीजवळ ठेवणं, गरम पाण्यात बुडवणं, केस वाळवायच्या यंत्राचा झोत सोडणं, यातलं काहीच नको. एक लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरा, जुन्या लुगड्यात दोन पदरी गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे उकडल्यावर पिल्लू सरकू शकतं. पाणी दर तीन तासांनी बदला. गार झालेली बाटली उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते. पहिल्या आठवड्यात खोक्यात 29 ते 32 अंश तापमान लागतं. खाली वाकळेचा तुकडा घालत असाल तर सुटलेले दोरे कापून टाका, नखं त्यात अडकतात. खोकं स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत.

दूध कुठलं, ही पुढची चूक. गाईच्या दुधात पिल्लाला पुरतील एवढी प्रथिनं आणि स्निग्धांश नसतात. त्यातली दुग्धशर्करा पचत नाही, हगवण लागते आणि एवढासा जीव दिवसभरात सुकतो. म्हशीच्या दुधात पाणी घातल्यानेही हे सुटत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर बेळगावात प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. पिल्लांच्या हंगामाआधीच एक डबा घरात आणून ठेवा. तो येईपर्यंत एखादा दिवस शेळीच्या दुधावर निभावता येतं, पण पुढे तेच चालू ठेवलं तर वजन वाढत नाही.

पाजताना पिल्लू पोटावर हवं, आईला पितं तसं. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं. सुई काढलेल्या 2 मिलीच्या सिरिंजने थेंब थेंब द्या. दूध अंगाएवढं कोमट हवं. एका वेळी 100 ग्रॅम वजनामागे 4 मिलीपेक्षा जास्त नको, म्हणजे 150 ग्रॅमच्या पिल्लाला 6 मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नंतर दर तीन-चार तासांनी. नाकातून दूध आलं तर थांबा, डोकं खाली करून नाक पुसा. त्यानंतर श्वासात घरघर आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसून शी-शू करवायची. हे राहून गेलं तर पोट फुगून पिल्लू मरू शकतं.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करा आणि वहीत लिहा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. वजन एक दिवस थांबलं तर दूध आणि ऊब तपासा. उतरलं तर डॉक्टरकडे न्या. पिल्लू आजारी आहे हे दिसायच्या आधी काट्यावर कळतं.

घरातली औषधं आणि फिनेल

तापासाठी पॅरासिटामॉलची चिमूट, पिसवांसाठी म्हशीच्या गोचिडांचं औषध, फरशीला फिनेल. हेतू चांगला असतो, पण तिन्ही मांजरासाठी विष आहेत. हे पदार्थ निकामी करायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. गोठ्यातल्या औषधात डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन असेल तर थोड्या मात्रेतही झटके येतात. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही तसंच. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाच्या पिसवा बारीक फणीने काढा. फार झाल्या असतील तर कोमट पाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडं करा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त कमी केलं आहे, तिथे घरगुती उपाय नकोत. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं, पण त्याचा डोस डॉक्टरांनी वजन पाहून ठरवायचा. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी येतात, म्हणून पिल्लाचं ग्रॅममधलं वजन चिठ्ठीवर लिहून न्या.

नवं पिल्लू लगेच सगळ्यांत सोडणं

नवं मांजर 14 दिवस वेगळ्या खोलीत. त्याचा शी-शूचा ट्रे, वाट्या, चपलासुद्धा वेगळ्या. आधी घरातल्या निरोगी पिल्लांचं करायचं, नव्याचं शेवटी. एवढं जपायचं कारण पॅनल्युकोपेनिया, हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग. लस न झालेलं पिल्लू मलूल होतं, उलट्या करतं, पाण्याच्या वाटीवर मान घालून बसतं पण पीत नाही, आणि एक-दोन दिवसांत जातं. हा विषाणू वर्षभर टिकतो आणि फिनेलने मरत नाही. ब्लीचचा एक भाग 32 भाग पाण्यात मिसळून, धुतलेल्या जागेवर दहा मिनिटं ओला राहू द्यावा लागतो. ब्लीच फिनेलमध्ये कधीही मिसळू नका.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीच चालत नाही, शेणामातीत त्याचा जोर संपतो. म्हणून अशा घरात पहिल्या दिवसापासून ताडपत्री अंथरून तिच्यावर पिल्लं ठेवा. त्या खोलीत या रोगाने पिल्लू गेलं असेल, तर वर्षभर लस न झालेलं दुसरं पिल्लू तिथे आणू नका.

पॅनल्युकोपेनियासह तीन रोगांवरची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. लस आहे का हे फोन करून विचारूनच निघा. ती बेळगावहून एसटीने आणायची असेल तर थर्मासमध्ये 2 ते 8 अंशांत हवी, आणि बर्फाला थेट टेकता कामा नये, गोठलेली लस वाया जाते.

मांजर चावलं किंवा त्याने ओरखडलं तर चुना, हळद, मिरची लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसेल, असं धरून चालू नका.

देण्याची घाई

पाचव्या आठवड्यात पिल्लू खायला लागतं आणि लोक मागायला येतात. आठ आठवड्यांआधी देऊ नका. आई आणि भावंडांत राहूनच ते चावण्याची मर्यादा शिकतं. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यात तर नकोच, फटाक्यांनी बिथरलेलं मांजर अनोळखी घरातून पळालं की परत सापडत नाही.

घर पाहताना पहिला प्रश्न उंदराच्या औषधाचा. 'उंदरांसाठीच मांजर पाहिजे' म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा विषाच्या गोळ्याही टाकलेल्या असतात, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरतं. दोन्हीपैकी एकच, हे स्पष्ट सांगा. गुऱ्हाळावर देत असाल तर रात्री ऊबेसाठी ते चुलवाणात शिरेल, तंबाखूच्या वखारीत निकोटिनची धूळ अंगावरून चाटेल. दोन्ही जागा टाळाच.

सीमाभागात शाकाहारी घरं पुष्कळ आणि त्यांतली माणसं मायाळू. पण दूध-भाकरीवर मांजर जगत नाही. मांसातलं टॉरिन मिळालं नाही तर हळूहळू दृष्टी जाते, हृदय खचतं. घरात मांस-मासे चालत नसतील तर मांजराचं तयार कोरडं खाद्य कायम ठेवाल का, हे आधीच विचारा. त्यांना जमणार नसेल तर नकार देण्यात संकोच नको.

नेताना पोतं नको. त्यात जीव गुदमरतो, आणि गाडीवर तोंड सुटलं की मांजर रस्त्यात उडी टाकतं. भाजीच्या एका प्लास्टिक क्रेटवर दुसरा क्रेट उपडा ठेवून चारी कोपऱ्यांना केबल टाय बांधा, आत जुना टॉवेल घाला.

नव्या घरी 'पळालं' ही तक्रार बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातली असते, कारण मांजर लगेच मोकळं सोडलेलं असतं. दोन-तीन आठवडे एका खोलीत ठेवायला सांगा. मोठं, माणसाळलेलं नसलेलं मांजर गोठ्यासाठी देत असाल तर मोठ्या पिंजऱ्यात तीन-चार आठवडे, आणि शक्यतो दोन मिळून. पहिले दोन दिवस कपाटामागे दडून बसणं साहजिक आहे, ओढून काढू नये. मोठं मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर मात्र दवाखाना. ट्रेबाहेर शू करत असेल तर आधी ट्रे रोज साफ होतो का ते पाहा. बोका वारंवार बसून थेंबही येत नसेल तर लघवी तुंबली आहे, त्याच तासाला निघा.

सोबतचं कार्ड मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा. घर चंदगड-गडहिंग्लजकडचं असलं तरी दवाखाना बेळगावातला असू शकतो, आणि पुढची लस कोणती हे तिथे वाचता आलं पाहिजे. त्यावर लसीच्या तारखा, जंताच्या औषधाचं नाव, वजन आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियेचा महिना असू द्या.

शस्त्रक्रियेचा महिना कोरा ठेवून भाटी, म्हणजे मादी मांजर, देऊ नका. ती चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, 63 ते 65 दिवसांत व्यायते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. 'एकदा पिल्लं होऊ देत, मग करू' याला मांजराच्या तब्येतीच्या दृष्टीने काहीच आधार नाही. चार महिन्यांपुढच्या मांजराला आदल्या रात्रीनंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत. त्याहून लहान पिल्लाला मात्र चार तासांहून जास्त उपाशी ठेवू नये, साखर उतरते. टाके दहा-चौदा दिवस रोज पाहायचे. नेणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी, चौदाव्या दिवशी आणि शस्त्रक्रियेच्या महिन्यात तुम्हीच फोन करा. काहीही अडलं तर मांजर बाजारात न सोडता तुमच्याकडेच परत आणायचं, हे देतानाच दोन वेळा सांगा आणि कार्डाच्या मागे लिहून द्या.